तीच गाडी, तोच खांब : फोर्कलिफ्ट पुन्हा पुन्हा ठोकते, माल पाडते, माणसांना जखमी करते तेव्हा काय तपासावे

फोर्कलिफ्टच्या दुरुस्तीसाठी मला जळगाव औद्योगिक वसाहतीतल्या डाळमिलांत आणि पाइप-चटईच्या कारखान्यांत, भुसावळ रस्त्यावरच्या गोदामांत आणि कापसाच्या हंगामात धरणगाव-बोदवडकडच्या जिनिंगमध्ये बोलावले जाते. फोनवरची तक्रार बहुतेक वेळा एकाच धाटणीची असते : ‘ड्रायव्हर बदलला, तरी गाडी पुन्हा तिथंच ठोकली.’ मालकाला या वाक्यातला ‘ड्रायव्हर’ महत्त्वाचा वाटतो, मला ‘तिथंच’ महत्त्वाचे वाटते. एकदा ठोकली तर चूक कोणाचीही असू शकते. पण तीन वेगवेगळ्या माणसांच्या हातून एकाच जागी ठोकली गेली, तर कारण माणसाच्या बाहेर, म्हणजे जमिनीत, मालात किंवा गाडीत शोधावे लागते.

एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींच्या शेडच्या दारापासून तिसऱ्या लोखंडी खांबावर गाडी ठोकल्याच्या चार खुणा होत्या. चौथ्या वेळी खांब आणि गाडी यांच्या मध्ये एका हमालाचा पाय सापडला आणि त्याची दोन बोटे गेली. तोपर्यंत तिथे तीन ड्रायव्हर बदलून झाले होते. तिसरा माझ्याशी बोलताना एवढेच म्हणाला, ‘गाडी ऐकत नही, भाऊ.’ तो खरे बोलत होता. गाडी का ऐकत नाही, एवढेच त्याला सांगता येत नव्हते. त्या खांबाची गोष्ट पुढे येईलच.

आधी लक्षणे

अपघात होण्याच्या कितीतरी आधी गोदाम तो सांगत असते. खांबांच्या आणि रॅकच्या पायांचा रंग ठरावीक उंचीवर उडालेला असतो, एकाच थरातली पोती फाटलेली निघतात, थप्पी नेहमी एकाच बाजूला कललेली दिसते, उचललेला माल धरून ठेवला की हळूहळू खाली उतरतो, माल उचलल्यावर स्टिअरिंग एकदम हलके लागते, ब्रेक एका दाबात लागत नाही आणि दोन-तीनदा पंप करावा लागतो, गाडी रात्रभर उभी असते तिथे सकाळी तेलाचा डाग दिसतो. माणसांतले लक्षण याहून बोलके असते. गाडी एखाद्या कोपऱ्यावरून वळते तेव्हा हमाल हातातले काम सोडून आपोआप भिंतीला चिकटत असतील, तर त्या कोपऱ्यावर अपघात होऊन गेलेला आहे किंवा व्हायचा आहे.

खुणेचा आकार नीट वाचावा, कारण पुढच्या तपासणीची दिशा तोच ठरवतो. अरुंद, टोकदार, आत घुसलेली खूण फोर्कच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या पुढच्या लोखंडी पात्याच्या, टोकाची असते; तिथे ब्रेक, वेग किंवा समोरचे न दिसणे यांचा संशय धरावा. रुंद, गुळगुळीत चेपलेली आणि गाडीचाच रंग लागलेली खूण मागच्या वजनाची, म्हणजे काउंटरवेटची असते. तिथे वळायला जागा अपुरी असते किंवा वळण चुकीच्या ठिकाणी घेतले जाते. डोक्याच्या वर, दाराच्या चौकटीला किंवा पत्र्याच्या कैचीला लागलेली खूण मास्टची, म्हणजे फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या चौकटीची, असते आणि मास्ट वर ठेवूनच गाडी चालवली जाते, हे ती सांगते.

माणूस गाडीखाली किंवा गाडी आणि भिंत यांच्या मध्ये सापडला असेल, तर तपासणीचा विषयच उरत नाही. घाईघाईत गाडी मागे घेऊ नये, कारण जे चाक किंवा जो फोर्क अंगावर आहे तो हलताना दुसरी इजा करतो. किल्ली बंद करावी, हँडब्रेक लावावा, चाकांना ठोकळे लावावेत आणि १०८ ला फोन करावा.

वही आणि खडू

सर्वांत स्वस्त तपासणी एका वहीत मावते. पंधरा दिवस प्रत्येक धक्का, प्रत्येक सांडलेले पोते आणि ‘थोडक्यात वाचलो’ अशी प्रत्येक घटना लिहावी : जागा, वेळ, गाडी भरलेली होती की रिकामी, पुढे जात होती की मागे येत होती. जिथे घडले तिथे जमिनीवर खडूने फुली मारावी. ड्रायव्हरचे नाव मुद्दाम लिहू नये. नाव लिहिले की दुसऱ्या दिवसापासून कोणी काही सांगत नाही आणि वही कोरी राहते. हे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे.

याचा उपयोग असा की कारणे आपोआप वेगळी होतात. फुल्या एकाच जागी असतील तर दोष जागेत आहे. फुल्या गोदामभर विखुरलेल्या असून गाडी एकच असेल तर दोष गाडीत आहे. फुल्या दुपारी दोन ते चारच्या दरम्यानच्या असतील तर दोष उजेडात, उकाड्यात किंवा ट्रक भरण्याच्या घाईत आहे. हे न करता थेट पाना हातात घेणारा, चांगला ब्रेक खोलून परत बसवून बिल घेऊन गेलेला मी पाहिला आहे. खुणा मात्र पडतच राहिल्या.

जमीन, उजेड आणि पायवाट

यानंतर फुलीच्या जागी उकिडवे बसून जमीन पाहावी. फोर्कलिफ्टच्या पुढच्या दोन चाकांमध्ये साधारण एक मीटर अंतर असते. एक चाक २० मिलिमीटरच्या खड्ड्यात उतरले, तर ४ मीटर उंचीवर धरलेला माल ८० मिलिमीटर बाजूला सरकतो. खाली बोटभरही नसलेला खड्डा वर चार बोटांचा होतो. थप्पी एकाच बाजूला कलते, तिचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

जिनिंगच्या त्या तिसऱ्या खांबाचे गूढ इथेच उकलले. खांबावरच्या चारही खुणा रुंद आणि चेपलेल्या होत्या, म्हणजे काउंटरवेटच्या होत्या. दारातून आत आले की पावसाच्या पाण्याची आडवी नाली होती आणि तिच्यावरची लोखंडी झाकणपट्टी उजव्या टोकाला खचली होती. तिच्यावरून चाक गेले की वरची गाठ डोलायची, म्हणून येणारा प्रत्येक ड्रायव्हर, कोणी न सांगता, तिथे किंचित डावीकडे वळून ती जागा चुकवत असे. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. तोंड डावीकडे गेले की शेपूट उजवीकडे फेकले जाते. उजवीकडे तो खांब होता आणि खांबाच्या सावलीत हमाल उभे राहत. एक गवंडी आणि एक वेल्डर यांनी एका दुपारीत पट्टी जमिनीच्या पातळीला आणली. पुढच्या हंगामात त्या खांबावर पाचवी खूण पडली नाही.

उजेडाकडे आपल्या भागात विशेष लक्ष द्यावे लागते. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांचे ऊन आणि आत पत्र्याच्या शेडचा अंधार, अशा दारातून आत शिरणाऱ्या ड्रायव्हरला पहिले काही क्षण जवळपास काहीच दिसत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणांत तो दाराजवळ बसलेल्या माणसांच्या पुढून जात असतो. छतातले पारदर्शक पत्रे धुऊन घेणे, दाराच्या आतल्या बाजूला दिवसाही दिवा ठेवणे, जवळच्या खांबांना कमरेपर्यंत पिवळे-काळे पट्टे मारणे आणि दारात गाडी पूर्ण थांबवून हॉर्न देण्याची सक्ती करणे, एवढ्याने बराच फरक पडतो. पारदर्शक पत्रे बसवणारे पुष्कळ असतात, पण ते धुणारे मला फार थोडे भेटले.

पायवाट म्हणजे माणसे खरोखर जिथून चालतात ती वाट. नकाशावर काढलेली नव्हे. पिण्याच्या पाण्याचा माठ, मोबाइल चार्जिंगचा बोर्ड आणि लघवीला जायची वाट या तीन गोष्टी कुठे आहेत ते पाहावे. त्यांच्याकडे जाणारी वाट गाडीच्या रस्त्याला छेदत असेल, तर जमिनीवर पिवळी रेघ मारून उपयोग होत नाही. माठ हलवावा लागतो. बाहेरगावच्या ट्रकचे चालक आणि क्लीनर यांना गोदामाची सवय नसते, म्हणून माल भरताना त्यांना बसायला गाडीच्या रस्त्यापासून दूर एक ठरलेली जागा असावी.

उचललेला माल

फोर्कलिफ्ट ही एक तराजूची दांडी आहे. पुढचा आस हा तिचा मध्य, मागच्या पारड्यात काउंटरवेट आणि पुढच्या पारड्यात माल. माल जितका जड, तितकाच तो आसापासून किती लांब आहे यालाही महत्त्व असते. गाडीवरच्या क्षमतेच्या पाटीवर नुसते ‘२५०० किलो’ लिहिलेले नसते. त्याच्या शेजारी बहुधा ५०० मिलिमीटर हा आकडा असतो. मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून तेवढ्याच अंतरावर असेल, तर २५०० किलो, असा त्याचा अर्थ आहे. पॅलेटवरचा, म्हणजे माल रचायच्या फळ्यांच्या चौकटीवरचा, माल १४०० मिलिमीटर खोल असेल तर त्याचा मध्य ७०० मिलिमीटरवर जातो. आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचे अंतर ४५० मिलिमीटर धरले, तर तराजूच्या हिशेबाने तीच गाडी सुमारे २०६५ किलोपर्यंतच उचलू शकते. हा हिशेब अंदाज बांधण्यापुरता आहे. अंतिम आकडा कंपनीच्या पाटीचा. मास्ट जास्त उंच असेल किंवा गाठी धरायचा क्लॅम्प लावला असेल तर क्षमता आणखी घटते आणि पाटीही त्याप्रमाणे वेगळी लागते.

डाळमिलमध्ये ५० किलोची ४० पोती म्हणजे २००० किलो, अधिक पॅलेटचे वजन. घाईच्या दिवशी वर एक थर चढतो आणि पोती ४८ होतात. गाडी तीही उचलते, म्हणून ‘चालतंय’ असा समज होतो. प्रत्यक्षात मागची चाके जमिनीवर नावापुरती टेकलेली असतात, आणि वळायचे काम तीच चाके करतात. स्टिअरिंग हलके लागते ते याच कारणाने. अशा अवस्थेत जोरात ब्रेक लावला की मागची बाजू उचलली जाते आणि पोती पुढे उभ्या असलेल्या माणसावर जातात.

यावर आपल्याकडचा जुना उपाय म्हणजे मागच्या वजनावर दोन पोरे बसवणे. तो करू नये, हे सगळ्यांना माहीत असते; का करू नये, हे मात्र क्वचित सांगितले जाते. मागे वजन वाढल्याने चाके टेकतात, पण साखळ्या, फोर्क आणि मास्ट यांच्यावर येणारा जादा भार तसाच राहतो. शिवाय गाडी कलू लागली की पोरे साहजिकच उडी मारतात, म्हणजे ज्या क्षणी ते वजन सर्वांत जास्त हवे असते त्याच क्षणी ते नाहीसे होते आणि गाडी पुढे तोंडावर जाते.

माल घेऊन चालताना फोर्क जमिनीपासून १५० ते २०० मिलिमीटर वर आणि मास्ट किंचित मागे झुकवलेला असावा. माल समोरचे दिसू देत नसेल तर गाडी उलटी चालवावी. उतारावर भरलेली गाडी नेताना माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवावा आणि उतारावर वळू नये. रिकामी गाडी सुरक्षित असते, हा आणखी एक गैरसमज आहे. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मधला खिळा असा गाडीच्या तोलाचा त्रिकोण असतो. गाडी रिकामी असताना तिचा भारबिंदू, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्य, मागे, त्रिकोणाच्या अरुंद टोकाकडे सरकतो, आणि म्हणून रिकामी गाडी वेगात वळवली की ती बाजूला पडते.

गाडीभोवती एक फेरी

पाळी सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत. हॉर्न, मागे जातानाचा बझर आणि दिवे चालू आहेत ना, हे पाहावे. सीटबेल्ट झटक्याने ओढून पाहावा. त्याने तिथेच अडकले पाहिजे. गाडी उलटू लागली की माणूस सहज उडी मारतो आणि डोक्यावरच्या जाळीचा लोखंडी पाइप त्याच्याच अंगावर येतो. बेल्ट लावलेला असेल, स्टिअरिंग घट्ट धरले असेल, पाय रोवले असतील आणि अंग पडत्या बाजूच्या उलट दिशेला झुकवले असेल, तर माणूस जाळीच्या आत राहतो. हे ड्रायव्हरला गाडी उभी असताना दोनदा करून दाखवावे. वाचून ते लक्षात राहत नाही.

टायरमध्ये दोन गोष्टी पाहायच्या. भरीव टायरच्या बाजूला झिजेची मर्यादा दाखवणारी रेघ असते, तिच्याजवळ ‘६० जे’ असे काहीसे छापलेले असते. रबर तिथपर्यंत झिजले की टायर बदलायचा. दुसरी गोष्ट म्हणजे डावा आणि उजवा टायर सारखा झिजला आहे का. एका टायरची त्रिज्या दुसऱ्यापेक्षा १० मिलिमीटरने कमी असेल, तर सपाट जमिनीवरही ४ मीटर उंचीवर ४० मिलिमीटरचा कल येतो. जिनिंगच्या त्या गाडीचा उजवा टायर असाच जास्त झिजलेला होता आणि खचलेली पट्टीही उजवीकडेच होती. गाठ डोलण्याचे अर्धे श्रेय त्याला द्यावे लागेल. पैसे वाचवण्यासाठी एकच टायर बदलू नये, जोडी बदलावी.

वाकून चाकांच्या आतल्या बाजूला पाहावे. जिनिंगमध्ये गाठीची पट्टी, डाळमिलमध्ये सुतळी, चटईच्या कारखान्यात प्लॅस्टिकची दोरी, जे जमिनीवर पडलेले असते ते आसाभोवती गुंडाळले जाते. ते दिसायला कचरा असते, पण गुंडाळी घट्ट होत होत हबचे ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, कापते, सीलमधून आलेले ग्रीस-तेल ब्रेकच्या लायनिंगवर जाते आणि महिन्याभराने तक्रार येते की ब्रेक लागत नाही. माझ्याकडे आलेल्या ब्रेकच्या कामांत ही साखळी इतक्या वेळा दिसली आहे, की मी हल्ली ड्रम खोलण्याआधी पकड घेऊन आसाभोवतीची सुतळी काढतो.

ब्रेक

ब्रेकची चाचणी रिकाम्या गोदामात, रिकाम्या गाडीने, भरभर चालण्याइतक्या वेगात घ्यावी. एका दाबात गाडी सरळ थांबली पाहिजे. एका बाजूला ओढत असेल तर दुसऱ्या बाजूच्या लायनिंगवर तेल आहे किंवा तिथला व्हील सिलिंडर अडकला आहे. पेडल दाबून धरले आणि ते हळूहळू खाली जाऊ लागले तर तेल कुठेतरी आतून किंवा बाहेरून गळते आहे. ब्रेक ऑइलच्या डबीची पातळी पाहावी; एकदा कमी असेल तर भरावी, पंधरा दिवसांत पुन्हा कमी झाली तर भरणे थांबवून गळती शोधावी. डबीत हाताला लागेल ते तेल ओतू नये. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराऐवजी दुसरे तेल गेले, तर आतली रबरे फुगतात आणि सगळी ब्रेक यंत्रणाच बदलावी लागते. हँडब्रेकची परीक्षा डॉकच्या, म्हणजे ट्रक भरायच्या धक्क्याच्या, उतारावर करावी, पण उताराखाली कोणी नसताना.

मास्ट, साखळी आणि फोर्क

इथून पुढे मोजमाप लागते आणि ज्याला या कामाची सवय आहे त्यानेच ते करावे.

माल धरून ठेवल्यावर खाली उतरतो, ही तक्रार मोजून घ्यावी. गाडीच्या क्षमतेइतका माल उचलून मास्टवर खडूने रेघ मारावी, इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. १०० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरला तर सिलिंडरची सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गेलेला आहे. या दहा मिनिटांत मालाच्या खाली किंवा जवळ कोणी उभे राहू नये. चाचणी पाळी संपताना, तेल गरम असताना घ्यावी. थंड तेल घट्ट असते आणि गळती झाकते. डिसेंबरच्या सकाळी ‘ठीक’ म्हणून सोडलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी माल धरेनाशी होते.

साखळी वापराने लांबते, कारण तिच्या पिना आणि छिद्रे झिजतात. नवीन असताना ५०० मिलिमीटर भरणारा तुकडा ५१५ भरू लागला, म्हणजे ३ टक्के वाढला, की साखळी बाद. दोन्ही साखळ्यांवर समान ताण आहे का, हे बोटाने दाबून कळते. एक सैल असेल तर सगळा भार दुसरीवर आहे. हे दाबून पाहताना गाडी बंद आणि फोर्क रिकामे हवेत, हात मास्टच्या फटीत जाऊ देऊ नये. साखळीत जोडकडी घालणे किंवा वेल्डिंग करणे हा उपाय नाही.

फोर्क सर्वांत जास्त झिजतो तो टाचेला, म्हणजे जिथे तो उभ्याचा आडवा होतो तिथे, कारण ड्रायव्हर तो जमिनीला घासत नेतात. मूळ जाडी माहीत नसेल तर त्याच फोर्कच्या उभ्या भागाची जाडी कॅलिपरने मोजावी, तो भाग झिजत नाही. उभा भाग ४० मिलिमीटर आणि टाच ३६ असेल, तर १० टक्के झीज झाली आणि फोर्क बाद झाला. झीज दहा टक्के दिसते, पण ताकद जाडीच्या वर्गाने घटते, म्हणजे जवळपास एक पंचमांश ताकद गेलेली असते. दोन्ही फोर्कची टोके एका पातळीत आहेत का हेही पाहावे. फरक फोर्कच्या लांबीच्या ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे १०७० मिलिमीटरच्या फोर्कला सुमारे ३२ मिलिमीटरपेक्षा, जास्त नसावा. एक टोक खाली असेल तर पॅलेट तिरके बसते आणि एकाच थरातली पोती फाटतात. फोर्क जागेवर अडकवणारी पिन गायब असणे ही इतकी सर्रास गोष्ट आहे, की मी खिशात दोन पिना बाळगतो.

पाळीची घाई

वर सांगितलेले सगळे ठीक असूनही वहीत फुल्या पडत असतील, तर उरते ते सर्वांत अवघड आणि मालकाला सर्वांत महाग वाटणारे कारण. ट्रकमागे पैसे ठरवून दिलेला ठेकेदार, संध्याकाळी सहाच्या आत भरायच्या पाच गाड्या आणि ड्रायव्हर जेवायला गेला की किल्ली हातात घेणारा कोणीही, या मांडणीत चांगली गाडीही ठोकते. ड्रायव्हरला त्याच गाडीवर, त्याच मालावर शिकवलेले असावे आणि किल्ली फक्त त्याच्याकडे असावी. गाडी फिरत असताना हमालांनी त्याच गल्लीत काम करू नये, पाळीपाळीने करावे. याने ट्रकमागे काही मिनिटे वाढतात. एका डाळमिलच्या मालकाने ती मिनिटे मला मोजून दाखवली आणि नको म्हणाला. पुढच्याच महिन्यात त्याच्याकडे फोर्कवर उभे राहून थप्पीवर चढणारा माणूस पडला. फोर्कवर किंवा नुसत्या पॅलेटवर माणूस चढवणे हे कोणत्याही घाईत बसत नाही.

इथे थांबावे

पुढील गोष्टी दिसल्या की गाडी त्याच जागी बंद करावी आणि कंपनीच्या किंवा अनुभवी हायड्रॉलिक मेकॅनिकला बोलवावे. गोदामातल्या फिटरने, तो कितीही हुशार असला तरी, हात घालू नये.

फोर्कला, मास्टला किंवा साखळीच्या बोल्टला केसासारखी भेग दिसली तर. टाचेवर वेल्डिंग करून दिलेला फोर्क मी परत पाठवतो, कारण उष्णतेने पोलादाचा गुण बदलतो आणि तो पुढच्या वेळी न वाकता तुटतो.

माल उचलत नाही म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह पिळून दाब वाढवायचा विचार मनात आला तर. तो व्हॉल्व्ह गाडीला तिच्या ताकदीबाहेरचे काम नाकारू देतो. तो पिळला की गाडी माल उचलते आणि दुसरेच काहीतरी फुटते.

हायड्रॉलिक नळीतून बारीक फवारा येत असेल तर. गळती बोटाने शोधू नये, इंजिन बंद करावे. शोधायचीच असेल तर लांबून पुठ्ठा धरून शोधावी. दाबाखालचे तेल कातडी भेदून आत जाते, बाहेर फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. अशा माणसाला मलमपट्टी करून घरी पाठवू नये, त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि ‘हायड्रॉलिक तेल दाबाने आत गेले आहे’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

हवेच्या टायरची दोन तुकड्यांची रिम खोलायची असेल तर. हवा पूर्ण न सोडता नट सैल केले की रिम उडते आणि समोरच्या माणसाला वाचायची संधी मिळत नाही.

मागच्या आसाचा मधला खिळा किंवा बुश सैल असेल, स्टिअरिंगमध्ये जास्त खेळ असेल, किंवा ब्रेक चाचणीत एका दाबात लागत नसेल तर.

मास्ट वर अडकला असेल आणि खाली येत नसेल तर त्याच्याखाली जाऊन काहीही हलवू नये. साखळी कुठे अडकली ते शोधणाऱ्याच्या डोक्यावरच तो सुटतो.

उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून नोंद ठेवण्याचे बंधन कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने घातले. त्या तपासणीचा कागद मी गेल्यावर आधी मागतो. बहुतेक ठिकाणी तो असतो, काही ठिकाणी त्यावर दुसऱ्याच गाडीचा क्रमांक असतो. म्हणून मेकॅनिकला फोन करण्यापूर्वी गाडीच्या पाटीचा, तासांच्या मीटरचा आणि खांबावरच्या खुणेचा असे तीन फोटो काढून ठेवावेत आणि पंधरा दिवसांची वही हाताशी ठेवावी. तो येईपर्यंत फोर्क जमिनीला टेकवून, चाकांना ठोकळे लावून, स्टिअरिंगवर ‘बंद आहे, चालवू नये’ असा पुठ्ठा बांधावा आणि किल्ली मालकाने स्वतःच्या कपाटात ठेवावी; मुकादमाच्या खिशात ठेवलेली किल्ली संध्याकाळच्या शेवटच्या ट्रकला बाहेर निघते.